नट ब्राऊन एल : भाजलेल्या बार्लीची बिअर

नट ब्राऊन एल ही इंग्लंडची तपकिरी बिअर. तिचा रंग तांबूस तपकिरीपासून गडद तपकिरीपर्यंत असतो आणि मद्यार्क साधारण चार ते सहा टक्के. कडवटपणा बेताचा. चवीत भाजलेले धान्य, टॉफी, करपायच्या बेतात आलेला टोस्ट आणि त्यामागून हेझलनट किंवा अक्रोडाची छटा लागते. परंपरेने या बिअरमध्ये एकही हेझलनट पडत नाही. नावातला ‘नट’ मूळचा रंगापुरता, पिकलेल्या हेझलनटच्या कवचाचा. तरीही चवीतला नट खोटा नसतो. तो बार्लीतूनच येतो आणि तिला दिलेल्या उष्णतेवर अवलंबून असतो. त्यामुळे ही बिअर घरी करणाऱ्याने सगळ्यात जास्त विचार माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या बार्लीचा, करायचा असतो. बाकीची कृती इतर एलसारखीच आहे.

अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडमधली बहुतेक बिअर तपकिरीच असे, कारण माल्ट लाकडाच्या जाळावर सुकवले जाई. हे तपकिरी माल्ट स्वस्त होते, पण त्यातून साखर किती निघते हे मोजायची सोय नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्यनिर्माते हायड्रोमीटर वापरू लागले आणि हिशेब उघडा पडला. महाग वाटणारे फिके माल्ट प्रत्यक्षात जास्त साखर देत होते. फिके माल्ट घ्यायचे आणि रंगासाठी थोडे काळे घालायचे, ही पद्धत त्यामुळे फायद्याची ठरली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले आणि काळे माल्ट सहज मिळू लागले. जुनी तपकिरी एल मागे पडली.

ती परतली विसाव्या शतकात, आणि दोन वेगळ्या चेहऱ्यांनी. लंडनच्या मॅन्स ब्राऊन एलमध्ये मद्यार्क तीन टक्क्यांच्याही आत आहे आणि ती चांगलीच गोड आहे. उत्तरेकडची तपकिरी एल कोरडी आणि जोरकस निघाली. न्यूकॅसलमध्ये कर्नल जिम पोर्टर यांनी घडवलेली न्यूकॅसल ब्राऊन एल १९२७ मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या स्पर्धेत बक्षिसे घेऊन आली. या बिअरला २००० मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. म्हणजे हे नाव लावायचे तर ती न्यूकॅसलमध्येच व्हायला हवी. पाच वर्षांनी कंपनीने कारखाना टाइन नदीपलीकडे गेट्सहेडला हलवला आणि स्वतःच मिळवलेले संरक्षण रद्द करून घेण्याची वेळ तिच्यावर आली. २०१० मध्ये ही बिअर आणखी दक्षिणेला, यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरला गेली. योगायोग असा, की घरी बिअर करणारे ज्या बिअरचा नमुना पुढे ठेवतात ती सॅम्युअल स्मिथची नट ब्राऊन एल त्याच गावची. १७५८ पासून चालत आलेल्या त्या कारखान्यात बिअर आजही पाटीच्या दगडाच्या चौकोनी हौदांत आंबते.

घरच्या बिअरला कायद्याची वाट मोकळी व्हायला वेळ लागला. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर करण्यासाठी परवाना लागू केला होता. तो अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये काढून टाकला. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरगुती बिअर बेकायदाच राहिली. जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करायला करमुक्त परवानगी दिली. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांत ही मुभा पोचायला २०१३ उजाडले. अमेरिकी तपकिरी एलची वाटचाल या छंदातूनच झाली. कॅलिफोर्नियातला पीट स्लॉसबर्ग घरी सॅम्युअल स्मिथच्या नट ब्राऊनची नक्कल करू पाहत होता. ती जमली नाही, पण जे हाती आले ते त्याला आवडले आणि १९८६ मध्ये पीट्स विकेड एल या नावाने बाजारात उतरले.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यातून घरच्या वापराची बिअरही सुटत नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअरीत ताजी बिअर मिळते, ती परवाना घेऊनच. पुढे दिलेली कृती त्यामुळे ब्रिटन-अमेरिकेसारख्या, हा छंद कायदेशीर असलेल्या ठिकाणच्या वाचकांना करून पाहता येईल. इतरांना ती पेल्यातली चव कुठून येते हे कळण्यापुरती उपयोगी आहे.

बार्ली भिजवून तिला मोड आणायचे आणि मोड वाढायच्या आत ती सुकवायची, की माल्ट तयार होते. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. पिठाची साखर करण्याचे काम तीच पुढे करतात. सुकवताना दिलेल्या उष्णतेने रंग आणि चव ठरते. धान्यातली साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्ले उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय माइयार याने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला माइयार अभिक्रिया म्हणतात. कढईत शेंगदाणे भाजताना घरभर जो वास सुटतो तो याच अभिक्रियेचा, आणि त्यात मोठा वाटा पायराझिन नावाच्या संयुगांचा. बार्ली भाजतानाही पायराझिने तयार होतात. त्यामुळे बिअर पिणाऱ्याला हेझलनट आठवतो तेव्हा त्याचे नाक फसलेले नसते.

भाजणीच्या पायऱ्या मात्र नीट ओळखाव्या लागतात. फिके माल्ट जेमतेम १०० अंश सेल्सिअसच्या आसपास सुकवलेले असते. त्याला बिस्किटाचा हलका वास असतो आणि त्यातली विकरे जिवंत असतात. साधारण १५० अंशांपर्यंत कोरडे भाजलेले अंबर, बिस्किट किंवा व्हिक्टरी या नावांनी विकले जाणारे माल्ट म्हणजे नट ब्राऊनचा खरा आत्मा. भाजलेल्या दाण्यांची चव सर्वात जास्त याच टप्प्यात असते. क्रिस्टल माल्टची गोष्ट निराळी. ते ओले असतानाच तापवतात, त्यामुळे दाण्याच्या आतच साखर तयार होते आणि मग तिचे कॅरॅमल होते. त्याने टॉफीची गोडी आणि अंगाला भरीवपणा येतो. २०० अंशांच्या पुढे भाजलेल्या माल्टला चॉकलेट माल्ट म्हणतात. त्यात चॉकलेट नसते, नाव रंगावरून आले आहे. त्याची चिमूट रंग देते आणि चवीला कोको-कॉफीची धार लावते. नवशिक्यांचा हात इथेच सैल सुटतो. चॉकलेट माल्ट प्रमाणाबाहेर गेले की कॉफीची चव बाकी सगळ्या चवींवर मात करते आणि तपकिरी एलऐवजी पोर्टर या गडद बिअरची फिकट आवृत्ती हाती येते.

अंबर माल्ट मिळाले नाही तर फिके माल्ट घरच्या ओव्हनमध्ये भाजता येते. ट्रेमध्ये पातळ थर पसरून १७५ अंशांवर १५ मिनिटे ठेवले की दाण्यांचा हलका वास येतो. अर्ध्या तासाने तो टोस्टकडे झुकतो आणि तासाभराने भाजक्या कडवटपणाकडे. दाणा दाताखाली फोडून आतला रंग पाहणे हीच खात्रीची परीक्षा. असे ताजे भाजलेले माल्ट लगेच वापरू नये. दोन आठवडे कागदी पिशवीत ठेवल्यावर त्यातले तिखट, उग्र वास उडून जातात.

वीस लिटर बिअरसाठी एक विश्वासार्ह प्रमाण असे : चार किलो फिके माल्ट, ३०० ग्रॅम मध्यम रंगाचे क्रिस्टल, २५० ग्रॅम अंबर आणि १५० ग्रॅम चॉकलेट. फिक्या माल्टमध्ये मॅरिस ऑटर ही इंग्लिश बार्ली मिळाली तर उत्तम. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये तयार झालेले हे वाण शेतकऱ्याला कमी उत्पन्न देते, पण त्याच्या भरदार, बिस्किटी चवीसाठी मद्यनिर्माते जास्त पैसे मोजतात. गडद माल्टमध्ये नैसर्गिक आम्लता असते. त्यामुळे लंडनसारखे बायकार्बोनेटचे जड पाणी, जे फिक्या बिअरला त्रास देते, ते इथे चालून जाते. पाणी फारच मृदू असेल तर थोडे कॅल्शियम क्लोराइड घातल्याने चव गोलसर होते.

माल्ट जाडसर भरडायचे. पीठ करायचे नाही, कारण दाण्याची सालेच पुढे गाळणीचे काम करतात. चौदा लिटर पाणी साधारण ७३ अंशांपर्यंत तापवून त्यात भरड मिसळली की मिश्रण ६७ अंशांवर स्थिरावते. या मिश्रणाला मॅश म्हणतात. ते झाकून तासभर त्याच तापमानाला ठेवायचे असते. इथे दोन विकरांची रस्सीखेच चालते. पासष्टच्या खाली ज्याचे फावते ते विकर यीस्टला पूर्ण पचेल अशी साखर करते आणि बिअर कोरडी होते. सत्तरच्या जवळ दुसऱ्याचा जोर वाढतो आणि न पचणाऱ्या लांब साखळ्या मागे राहतात, ज्यांनी बिअर भरीव लागते. ब्राऊन एलला थोडा भरीवपणा हवा, म्हणून ६७ ते ६८. चवीला हेझलनटचा भास होण्यासाठी जराशी गोडी मागे राहावीच लागते. अगदी कोरड्या बिअरमध्ये तेच माल्ट नुसते टोस्टसारखे लागते.

मॅशमधून निथळलेल्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. उरलेल्या चोथ्यावर ७५ अंशांचे गरम पाणी हळूहळू ओतून चिकटलेली साखरही धुऊन घ्यायची आणि एकंदर २५-२६ लिटर वर्ट जमवायचा. तो मोठ्या पातेल्यात तासभर खळखळ उकळायचा. उकळी फुटताच घालायचे हॉप्स म्हणजे ३५ ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज. हॉप्सच्या वेलीच्या या फुलांतली आम्ले उकळीतच बदलून कडू होतात, म्हणून ती सुरुवातीला पडायला हवीत. शेवटच्या दहा मिनिटांत पंधरा ग्रॅम घातले तर वासाला पुरतात. हॉप्सचा तेज लिंबूवर्गी वास हवा असणाऱ्यांनी अमेरिकी पद्धतीची ब्राऊन एल करावी. नट ब्राऊनमध्ये तो वास माल्टला झाकून टाकतो.

उकळी संपली की तांब्याच्या नळीतून थंड पाणी खेळवून वर्ट झटपट वीस अंशांच्या खाली आणायचा. इथून पुढे वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असली पाहिजे. घरची बिअर बिघडते ती बहुधा इथल्याच हयगयीने. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०५० च्या आसपास दिसावे. त्यात इंग्लिश एल यीस्ट घालून १८ ते २० अंशांत ठेवायचे. हे यीस्ट फळांसारखे सौम्य वास देते, साखर पूर्ण संपवत नाही आणि काम झाले की तळाशी घट्ट बसते. तिन्ही गोष्टी या बिअरला सोयीच्या. तापमान चोविसाच्या वर गेले तर वास बोचरे होतात. किण्वन चार-पाच दिवसांत मंदावलेले दिसले तरी घाई करू नये. यीस्ट स्वतःच तयार केलेले डायअसेटिल, म्हणजे लोण्यासारखा वास देणारे संयुग, नंतरच्या दिवसांत परत शोषून घेते. दहा ते चौदा दिवसांनी गुरुत्व १.०१२ च्या जवळ येऊन सलग तीन दिवस तिथेच थांबले, की बिअर बाटलीत भरायला तयार. मद्यार्क सुमारे पाच टक्के.

एवढ्यावर नट ब्राऊन एल पूर्ण होते. पण अनेकांना तेवढ्याने समाधान नसते. त्यांना पेला नाकाशी नेताच हेझलनट ओळखू यावा असे वाटते. ओरेगन राज्याची विलामेट दरी म्हणजे अमेरिकेच्या जवळपास सगळ्या हेझलनटचे आगर. त्याच राज्यातल्या रोग कंपनीची हेझलनट ब्राऊन नेक्टर ही या प्रकारातली नावाजलेली बिअर ठरली. मिसिसिपीतल्या लेझी मॅग्नोलिया कंपनीने सदर्न पेकन या बिअरमध्ये अख्खे भाजलेले पेकन वापरले. घरी बिअर करणे त्या राज्यात गुन्हा होता तेव्हापासून ती विकली जात होती.

खऱ्या नटांची अडचण तेलाची. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते, हेझलनटमध्ये सुमारे साठ टक्के आणि पेकनमध्ये सत्तरीच्या पुढे. बिअरचा फेस प्रथिने आणि हॉप्सच्या कडू द्रव्यांनी धरलेला असतो. तेलाचा पातळ तवंगही तो मोडतो. शिवाय काही आठवड्यांत तेलाला खवट वास लागतो. म्हणून नट सरळ किण्वनाच्या भांड्यात टाकणे हा सर्वात वाईट मार्ग. त्यापेक्षा ते भाजून, साले चोळून काढून, जाडसर कुटून पुन्हा भाजावेत आणि सुटलेले तेल दर खेपेला कागदाने टिपून घ्यावे. असे अर्धा ते एक किलो नट मॅशमध्ये घातले तर बरेचसे तेल चोथ्यात अडकते. चव मिळते, पण बेताची. उकळीत आणि किण्वनात तीही थोडी उडते. एवढा खटाटोप आणि खर्च करून हाती येणारी छटा अंबर माल्ट २०० ग्रॅमने वाढवूनही बरीचशी साधता येते.

जास्त फळ देणारा मार्ग अर्काचा. भाजलेले, कुटलेले हेझलनट बुडतील एवढ्या वोडकात दोन आठवडे भिजवायचे, मग गाळून फ्रीझरमध्ये ठेवायचे. वर तरंगणारे तेल घट्टसर होते, ते काढून टाकायचे. हेझलनटच्या वासाचे मुख्य संयुग, फिल्बर्टोन, भाजल्याने वाढते आणि मद्यार्कात चांगले उतरते. तयार विकतचे अर्कही मिळतात. अर्क नेहमी किण्वन संपल्यावर, बाटल्या भरण्याच्या वेळी घालावा. प्रमाण ठरवण्यासाठी शंभर मिलिलिटर बिअरचे तीन-चार पेले घेऊन प्रत्येकात वेगळ्या प्रमाणात अर्क मोजून घालावा, आवडलेला पेला निवडावा आणि ते प्रमाण दोनशेपट करावे. एका पेल्याला ०.१ मिलिलिटर पुरला तर वीस लिटरला वीस मिलिलिटर लागेल. निवडलेल्या प्रमाणापेक्षा किंचित कमीच घातलेले बरे, कारण पहिल्या घोटाला मोहक वाटणारा हा वास अर्धा पेला होईतो कॉफीच्या दुकानातल्या सिरपसारखा वाटू लागतो. आणि नट कोणत्याही रूपात घातले असले तरी बाटलीवर तसे लिहिणे अनिवार्य समजावे. अनेकांना त्यांची तीव्र ॲलर्जी असते आणि तपकिरी बिअरकडे पाहून कोणालाच शंका येत नाही.

बाटल्या भरताना बिअरमध्ये सुमारे शंभर ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून मिसळायची. उरलेले यीस्ट ती खाते आणि बंद बाटलीत वायू तयार होतो. या बिअरला लागर किंवा सोड्याएवढे बुडबुडे शोभत नाहीत, म्हणून साखर यापेक्षा वाढवू नये. किण्वन अपुरे असताना भरलेली किंवा साखर जास्त झालेली बाटली फुटू शकते. काच तपकिरी असावी. उजेडाने हॉप्सची कडू द्रव्ये फुटून कुबट, उग्र वास येतो. न्यूकॅसल ब्राऊन वर्षानुवर्षे पारदर्शक बाटलीत विकली गेली, हा त्या कंपनीचा विक्रीचा निर्णय. घरच्या बिअरने त्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

वीस अंशांच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत वायू भरतो. त्यानंतर आणखी तीनेक आठवडे थंड जागी ठेवल्यास भाजक्या माल्टची धार बोथट होते आणि टॉफी व दाण्यांची चव वर येते. वाढताना तळाचा यीस्टचा थर बाटलीतच राहू द्यावा. तापमान दहा ते तेरा अंश, म्हणजे फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटांनी. बर्फासारख्या गार पेल्यात या बिअरचा सगळा वास दबून जातो. नुसत्या माल्टची नट ब्राऊन सहा महिने उत्तम टिकते. खरे नट घातलेली मात्र तेल खवटायच्या आत, दोन-तीन महिन्यांत संपवावी.